दोघांत मिळून

प्रिय ताई,

तुला नमस्कार. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे, शाळाही सुरळीत चालली आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

काल नववीला रासायनिक बंध शिकवला. लहानपणी तू मला शिकवला होतास तसाच, भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घेऊन. काही अणू इलेक्ट्रॉन देऊन टाकतात, काही इलेक्ट्रॉनची जोडी दोघांत मिळून वापरतात, असं सांगितलं. पहिल्या बाकावरच्या चोंबडीनं विचारलं, "बाई, ती जोडी नक्की कुणाची?"

म्हटलं, "दोघांची. एकट्यानंच ठेवून घेतली, तर मिळून काय राहिलं?"

आणि फळा पुसायला वळले. पोरींना वाटलं, तास संपला.

ताई, आईला वृद्धाश्रमात ठेवून महिना झाला, हे मला तुझ्या शेजारच्या काकूंकडून कळलं. दर रविवारी फोनवर तू म्हणायचीस, "आई झोपलीय गं." आणि मी वेडी म्हणायचे, "राहू दे, उठवू नकोस." तू थकली असशील, कळतं मला. पण एकदा विचारायचंस तरी. आई दोघींची ना?

सुट्टी लागली की येतेच आहे. आश्रमाचा पत्ता काकू देतील, पण मला तो तुझ्याकडून हवा आहे.

तुझीच,
धाकटी