माझी उत्तरं यायनं दिली

सेक्टर २, मंगळवार, संध्याकाळ

आरोग्याच्या सर्वेवाल्या पोरीचा आज फोन आला. प्रश्न माझ्या तब्येतीचे, अन् फोन नवऱ्याच्या हातात. मी समोरच पोळ्या लाटून राहिली होती. पोरीनं विचारलं, "उनकी साँस फूलती है क्या?" हे म्हणाले, "नहीं, उसको कुछ नहीं होता."

कुछ नहीं! एक जिना चढली का मले मधातच बसावं लागते. फोन द्या म्हणून हात केला, त माह्यावर डोळे वटारले. मी तवाच कावून नाई ओरडली?

कुछ नहीं होता म्हणे.

मंग पोरीनं यायच्या तब्येतीचं विचारलं, त घाईत माझा नंबर दिला. "कल मिसेस से पूछ लेना, उसको सब मालूम है."

उद्या पोरीचा फोन आला का सांगीन, तीन वाजता परत कर. तवा हे शिफ्टवरून आलेले असतात, अन् यायची मोठी बहीणबी येणार हाये. तिची शपथ घेऊन यायनं गुडाखू सोडला ना! अजूनबी ते तंबाखूचं मंजन दिवसातून चारदा लपून दातावर घासतात. यायच्या बीपीच्या गोळ्या न घेताच गादीखाली पडल्या हायेत. सगळं स्पीकरवर सांगीन.

मले सब मालूम हाये. अन् फोन मागतला, त डोळे मीच वटारीन.