उताराचा कोन

ता. ९ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार. वहिनीला आठवण सांग. इकडे आम्ही ठीक आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, शिलाईची कामं भरपूर आहेत. आई गेल्याला आठ महिने झाले. तू फोन केला नाहीस, मीही नाही. तेव्हा पत्रच बरं, पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

एक बातमी. मी त्रिकोणमिती शिकतेय. हस, पोट धरून हस! एक मास्तर दहावीच्या मुलांसाठी व्हिडिओ टाकतात, ते मी शिलाई मशीनला मोबाइल टेकवून बघते. "पोरांनो, आधी कर्ण ओळखा," ते म्हणतात, आणि ही बावन्न वर्षांची पोर मान डोलावते. आठवडाभर सगळं डोक्यावरून गेलं. उताराची लांबी हाच कर्ण, हेच मला कळेना. साइनच्या जागी टॅन काढत बसले होते. तोच धडा सात वेळा पाहिला, तेव्हा चूक सापडली. लेक म्हणाली, "आई, परीक्षा कधी आहे?" म्हटलं, "माझी नाही गं, मामाची आहे."

तुझ्या दारातला उतार, आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी तू बांधलेला. गेल्या महिन्यात तू नसताना येऊन मोजून गेले. वहिनीने चहा दिला. उंची दोन फूट, लांबी आठ. साइन पाव, कोन साडेचौदा अंश. हवा होता पाचाच्या आत, म्हणजे चोवीस फूट लांब उतार. पण मग तुझी गाडी कुठे राहिली असती? फार खडा आहे, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. "तू बाह्या जोड, बांधकामातलं तुला काय कळतंय?" म्हणालास.

आणि आई गेल्यावर सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालास, "हिनं हात सोडला."

सोडला नाही रे. त्या उतारावरून खुर्ची खाली नेताना सुटला. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आई "अगं, अगं" म्हणाली, तेवढंच. आठ महिने मी स्वतःलाच खातेय. मग मास्तरांनी एका धड्यात सांगितलं, वजनाला साइनने गुणलं की उतार किती ओढतो ते कळतं. आई आणि खुर्ची मिळून बहात्तर किलो. तुझ्या उतारावर ओढ अठरा किलोंची. नीट बांधला असतास तर सहाची. सहा किलो मी धरले असते, दादा. त्या दिवशी मशीनवर डोकं टेकून पोटभर रडले. नंतर डोकं जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

दवाखान्याचे पडदे मी शिवते, हे तुझ्या ध्यानात नसेल. तिथे तू कंत्राट घेऊन बांधलेला नवा उतारही मोजला. उंची तीन, लांबी बारा. पुन्हा पाव! जित्याची खोड, दुसरं काय. मोजमापाचा कागद तिथल्या साहेबांना दिला. त्यांनी स्वतः मोजून पाहिलं. येत्या सोमवारी दहाला तपासणी आहे. तो पाडायला लावतीलच. मी एवढंच मागून घेतलंय की पाडण्याआधी एकदा त्यावरून खुर्ची खाली न्यायची, आणि ती बांधणाऱ्यानेच धरायची.

खुर्चीत मी बसणार आहे. माझं वजन आईपेक्षा जास्त आहे, गुणाकार तू कर. त्या दिवशी जे जे नातेवाईक होते, त्या सगळ्यांना बोलावलंय. हात सुटला तर काय म्हणायचं, ते तूच त्यांना शिकवलं आहेस.

सोमवारी तुझ्या हाती असलेली,
तुझी धाकटी बहीण