दुर्बिणीच्या चोरासाठी नट

दि. ४ मार्च

ती. दादास,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

तुझी लेखिका बहीण सध्या हवेत आहे, हे आधीच कबूल करते. माझ्या रहस्यकादंबरीवर सिनेमा निघतोय. दिग्दर्शक फोनवर इतका गोड बोलला की मला संशयच आला, पण करार खरा निघाला. आता त्याला माझ्याकडून नटांची नावं हवीत. चार दिवस लिहायचं सोडून मी मनातल्या मनात नटांना उभं करून बघतेय.

संग्रहालयाच्या रखवालदारासाठी, म्हणजे आपल्या बाबांसाठी, मालिकांमधला तो म्हातारा, जो नेहमी न्यायाधीश होतो. बाबांसारखाच हळू बोलतो. पुस्तकात चोर ठरणाऱ्या तिथल्या लेखनिकासाठी मात्र मला तो आडदांड खलनायक हवा, दाराएवढ्या खांद्यांचा. खऱ्या लेखनिकावर काही सिद्ध झालं नव्हतं, ठाऊक आहे. पण किल्ली बाबांकडे होती एवढ्यावरून दुर्बिणीची चोरी त्यांच्या माथी मारली, नोकरी गेली, आणि तीस वर्षं लोक त्यांच्याकडे तिरकं बघतात. मी सहा वर्षांची होते, तरी ते बघणं मला आठवतं. दुसरी किल्ली कुणीतरी केली असणारच. पडद्यावर ती लेखनिकाच्या हातात दिसली की हे लोक एकदा तरी खजील होतील.

बाबांनी पुस्तक वाचलं, छान आहे एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला ते खटकलं. असो. वहिनीला नमस्कार. नटांवरून भांडण झालं तरी लोभ टिकव.

तुझी,
ठमी


दि. ११ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनी म्हणते, तू आता आमच्याशी बोलायलाही माणूस नेमशील.

न्यायाधीश ठीक आहे. आडदांड मात्र साफ चूक. अगं, तो मागच्या झरोक्यात खांद्यापर्यंत शिरेल आणि तिथेच अडकेल, पाय बाहेर हलवत. तुझ्या रहस्याचा तमाशा होईल. कुणीतरी काटकुळा घे. आणि मुळात लेखनिक कशाला? बिचारा गेला, त्याची मुलगी तुमच्याच रस्त्यावर गाण्याचे वर्ग घेते. चोर कुणी परका दाखव, नाहीतर सिनेमाच सोडून दे. जुनी मढी उकरून काय मिळणार?

बाबांची काळजी घे. माझी माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझा,
दादा


दि. १७ मार्च

ती. दादास सा. न.

तुझं पत्र सात वेळा वाचलं. पुस्तक मी लिहिलंय आणि त्यात झरोका नाही. चोर दारातून येतो, किल्लीने. तिथे झरोका आहे हे मला माहीतच नव्हतं. चौकशीवालेही किल्लीपाशीच थांबले होते.

म्हणून काल मोजायची टेप घेऊन संग्रहालयात गेले. दुर्बीण ठेवायचे त्या कोठीच्या मागच्या भिंतीत, पन्हाळीशेजारी, आहे. जेमतेम फूटभर रुंद. मोठा माणूस जाणार नाही. चौदा वर्षांचा काटकुळा मुलगा जाईल. तू तेव्हा चौदाचा होतास आणि आई तुला काडी म्हणायची.

रहस्यकथा लिहून मला संशयाची खोड लागलीय, असं स्वतःला खूप समजावलं. जमलं नाही. दादा, माझा संशय खोटा ठरव. मी भयंकर चिडलेय आणि मला रडूही येतंय. बाबांना यातलं काही कळू देणार नाही. लोभाचं तुझ्या उत्तरानंतर बघू.

ठमी


(त्याच पाकिटातून)
दि. १७ मार्च

चि. काडीस आशीर्वाद.

ठमीने पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवायला विसरली. तीस वर्षं चोर म्हणवून घेतल्यावर एक पत्र चोरून वाचायला मला काही वाटलं नाही.

त्या सकाळी झरोक्याच्या खिळ्याला हिरवी लोकर अडकली होती. ती मी काढून खिशात घातली. तुझ्या स्वेटरची उसवलेली बाही तुझ्या आईनेही काही न विचारता विणली. तुझं शिक्षण व्हायचं होतं, माझं निम्मं आयुष्य होऊन गेलं होतं. ठरवायला वेळ लागला नाही.

लेखनिकावर मात्र हे जायला नको. तेव्हा माझ्या बाजूने तो एकटाच बोलला होता. चोर तो नव्हे, हे ठमीला पटवायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून गप्प बसलो.

रागावलो नाही असं म्हणणार नाही. तू सांगशील म्हणून वाट पाहिली, आणि तू लांबची नोकरी धरलीस. आता एकच विचारतो. त्या दुर्बिणीतून तुला काय दिसलं?

प्रकृतीला जप.

बाबा


दि. २३ मार्च

तीर्थरूप बाबांस शि. सा. न.

संग्रहालयाला सगळं खरं लिहून कळवलंय, खाली माझी सही करून. ठमीला सांगा, तिच्या दिग्दर्शकाने आता चौदा वर्षांचा मुलगा शोधावा. झरोका तिच्या पुस्तकात नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्या डोक्यात चोर दारातून कधी आलाच नाही. रविवारी येतोय. घरात घ्याल का, हे विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो.

दुर्बीण एका दिवसापुरती घेऊन परत ठेवायची होती. संध्याकाळी समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढलो. चंद्र बघायचा होता, पण आधी खाली संग्रहालयाकडे लावली. तुम्ही दाराशी होतात. कुलूप लावलंत आणि ओढून बघितलंत. चार पावलं गेलात, परत आलात आणि पुन्हा एकदा ओढून बघितलंत.

दुर्बीण माझ्या हातातून निसटली आणि टाकीत पडली.

लोभ मागायला तोंड नाही.

तुमचा,
काडी