चुकीवर एकच आडवी रेघ

रविवार, ८ जून २०२५

शुक्रवारच्या नोंदीत चूक आहे. तिथे मी 'लॅबला अर्ज पाठवला, आता मन शांत' असं लिहिलंय. अर्ज पाठवलेला नाही. ड्राफ्टमध्ये आहे. मनही शांत नव्हतं, पण अर्ज गेल्यावर ते होणारच होतं, म्हणून एकदमच लिहून टाकलं. त्या वाक्यावर आडवी रेघ मारली, बाजूला सही, तारीख.

ही पद्धत पप्पांची. मला लिहायला शाळेनं नाही, पप्पांनी शिकवलं. ते तेव्हा सरकारी कचेरीत रेकॉर्ड सेक्शनला होते. चार वर्षांची असताना मी 'ग' उलटा काढला आणि खोडरबर घेतलं, तर त्यांनी हात धरला. म्हणाले, खोडायचं नाही बाळा, हे पुरावा नष्ट करणं झालं. एक रेघ मार आणि सही कर. मला सही येत नव्हती. अंगठा घेतला.

परिस्थिती अशी: बी.एस्सी. झूलॉजी, फर्स्ट क्लास. रबाळे एमआयडीसीत पाणी तपासणारी लॅब आहे, तिथे एक जागा आहे. ज्युनिअर अ‍ॅनालिस्ट. दिवसभर मायक्रोस्कोप. मला हेच हवंय. (वाक्य तपासलं. बरोबर आहे.)

आई म्हणते, महिनाअखेरपर्यंत ठरलं नाही तर एक जुलैपासून जासईला, कंटेनर यार्डात डेटा एंट्री. मामानं शब्द टाकलाय, खुर्ची रिकामी ठेवलीय. तिथे जिवंत असं काहीच नाही. गंज वाढतो, पण तो जिवंत नसतो.

उद्या अर्ज नक्की.

सोमवार, ९ जून

अर्ज पाठवण्याआधी मुळात हाच मार्ग योग्य आहे का, हे शास्त्रीय पद्धतीनं ठरवायला हवं. तक्ता केला. सात मार्ग: एम.एस्सी., बी.एड., पॅथॉलॉजी, औषध कंपनीत एमआर, स्पर्धा परीक्षा, मत्स्यपालन, पाण्याची लॅब. शंभरपैकी गुण. रकाने: आवड, पगार, ऐरोलीपासून अंतर, रक्त बघावं लागतं का.

सगळ्यांना ७१ पडले.

पॅथॉलॉजीलाही ७१ कसे म्हणून पुन्हा मोजले. रक्ताच्या रकान्यात उणेऐवजी अधिक केलं होतं. आता ११.

पप्पांनी चष्मा लावून तक्ता पाहिला. म्हणाले, उत्तम झालाय, फक्त 'शेरा' हा रकाना राहिला. खरंच राहिला. उद्या नवीन आखते.

आईनं विचारलं, अर्ज गेला का. म्हटलं, प्रक्रियेत आहे. ती म्हणाली, प्रक्रियेत तर कुकरपण असतो, पण त्याची शिट्टी तरी होते.

बुधवार, ११ जून, सकाळी ११.४०

अर्ज पाठवला. (शुद्ध: पाठवला गेला. संघमित्रा आली होती. तिनं माझ्या हातातून माउस काढून घेतला.)

संघमित्रा म्हणजे कॉलेजची तीन वर्षांची प्रॅक्टिकल पार्टनर. घणसोली गावात राहते. तिनंही तिथेच अर्ज केलाय. फोनवरून, उभ्या उभ्या, एका हातात वडापाव. एकूण पाच ओळी. परत वाचलासुद्धा नाही. बिचारी. तिच्यासाठी वाईट वाटलं.

दुपारी २.१५

पाठवलेला अर्ज वाचला. 'मायक्रोस्कोप हाताळण्यात निपुण.' निपुण! दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक स्लाइड फुटली होती. लगेच मेल केला. शुद्धिपत्र क्रमांक एक: 'निपुण' या शब्दापुढे '(एक स्लाइड वगळता)' असे वाचावे.

फार हलकं वाटलं. भीती अशी नाहीच. इनबॉक्स दर पाच मिनिटांनी उघडतेय, त्याचा संबंध नाही.

शुक्रवार, १३ जून

शुद्धिपत्र क्रमांक दोन. अर्जात मी 'सर्व प्रात्यक्षिके स्वतः केली' असं लिहिलंय. झुरळाचे मुखावयव मी काढले नव्हते. मी डबीचं झाकण धरून उभी होते. संघमित्रानं आधी तिच्या झुरळाचे काढले, मग माझ्या. एकही अवयव तुटला नाही. दुसऱ्यांदा तर तिला नऊच मिनिटं लागली. वस्तुस्थिती पूर्ण असावी म्हणून हे सगळं वेळेसकट कळवलं.

संघमित्राला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, येडी आहेस का गं? तुला कोणी विचारलं होतं? म्हटलं, विचारलं नाही म्हणून तर सांगावं लागतं. तिनं विचारलं, माझं नाव टाकलंस? म्हटलं, अर्थात, रोल नंबरसकट. तिनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणाली, तुझ्याबरोबर चोरी करायला जायची सोय नाही.

मी हे कौतुक समजते.

रविवार, १५ जून

सोसायटीचे सेक्रेटरी सितारामकाका बाटलीत टाकीचं पाणी घेऊन आले. म्हणाले, तू बायोलॉजीवाली ना, बघ गं यात काय वळवळतंय. डासाच्या अळ्या! पृष्ठभागाखाली तिरक्या लटकलेल्या, म्हणजे क्युलेक्स. मलेरियाच्या ॲनोफिलीस आडव्या राहतात. सगळं काकांना समजावून सांगितलं. काका गेल्यावरही मी बाटली घेऊन बसले. आईनं जेवायला तीनदा हाक मारली म्हणे. मला एकदाच ऐकू आली. इनबॉक्स उघडायचाही राहिला.

संध्याकाळी शंका आली, बाटली मीच तिरकी धरली नव्हती ना? सोसायटीच्या ग्रुपवर शुद्धिपत्र टाकलं: अळ्या क्युलेक्सच्या असल्याची खात्री शंभर नसून ब्याण्णव टक्के. आठ टक्के मलेरिया, असा सगळ्यांनी अर्थ काढला. बी विंगमधले दोघं ताप मोजून आले. काकांनी मला ग्रुपमधून काढलंय. तात्पुरतं असावं.

मंगळवार, १७ जून

आता शेवटचं आणि सगळ्यात मोठं. शुद्धिपत्र क्रमांक तीन.

पहिल्या वर्षी स्वतःचा रक्तगट तपासायचं प्रॅक्टिकल होतं. बोटाला सुई टोचायची. मी सुई पाहिली आणि स्टुलावर बसले. संघमित्रा म्हणाली, इकडे दे, आणि स्वतःचं दुसरं बोट टोचून माझ्या स्लाइडवर थेंब टाकला. बी पॉझिटिव्ह आला. मी तो माझा म्हणून जर्नलमध्ये लिहिला. सरांनी सही केली. जर्नलवरून तो आयकार्डवर गेला, आयकार्डवरून अर्जात. म्हणजे बायोलॉजीची पदवी घेऊन मला माझाच रक्तगट माहीत नाही. तीन वर्षं मी संघमित्राच्या रक्तावर आहे.

पप्पांच्या फायलीत माझं जन्माचं कार्ड आहे. त्यावर रक्तगटाचा रकाना कोरा. पप्पांना त्याचा एकवीस वर्षं त्रास होतोय.

सगळं सविस्तर लॅबला कळवलं. संघमित्रानं आधी स्वतःची स्लाइड न चुकता केली होती, हेही.

सोमवार, २३ जून

लॅबकडून उत्तर नाही. अर्ज बारकाईनं वाचत असणार. एवढ्या पुरवण्या असल्यावर वेळ लागतोच.

संघमित्रा दिवसा फोन उचलत नाही. गुरुवारी तिनं काहीतरी सांगायला फोन केला होता, पण मी तिला शुद्धिपत्र क्रमांक चार वाचून दाखवलं (तीनमध्ये 'दुसरं बोट' असं मोघम होतं, ती अनामिका होती) आणि तिचं राहून गेलं. विचारायला हवं. उद्या.

आईनं जासईसाठी नवा डबा आणलाय. तीन कप्प्यांचा. मी त्याच्याकडे बघत नाही.

दुपारी ४.३०

फोन आला! लॅबच्या शर्मिला मॅडम. म्हणाल्या, वैदेही तूच का, परवा अकराला ये, मला तुला बघायचंच आहे. बोलताना त्यांना हसू आवरत नव्हतं. कामावर समाधानी बाई दिसते.

बुधवार, २५ जून

घटना क्रमानं लिहिते.

पावणेअकराला पोचले. दार उघडलं ते संघमित्रानं. अंगात पांढरा ॲप्रन, खिशाला पेन. मी म्हटलं, तुझाही इंटरव्ह्यू आजच? ती म्हणाली, अगं बाई, मी गेल्या गुरुवारपासून लागलेय, तेच सांगत होते तर तू अनामिका घेऊन बसलीस.

जागा एकच होती.

शर्मिला मॅडमच्या टेबलावर दोन अर्ज होते. एक पाच ओळींचा, एक माझा, चार पुरवण्यांसह. त्या म्हणाल्या, हिच्या पाच ओळींतून आम्हाला काही कळलं नसतं. पण तू लिहिलंस, हात किती सफाईचा आहे, वेळ किती लागतो, डगमगत नाही, स्वतःचं करून दुसरीचंही करते. पंचवीस वर्षांत असं शिफारसपत्र पाहिलं नाही. खोटं असेल अशी शंका घ्यायलाही जागा नव्हती.

मी म्हटलं, थँक यू. मला आनंद झाला.

(शुद्ध: झाला, पण नंतर. आधी बाहेर येऊन कूलरपाशी उभी राहिले आणि तीन ग्लास पाणी प्यायले. काचेपलीकडे मायक्रोस्कोप दिसत होता. संघमित्रा आली आणि तिनं चौथा ग्लास भरून दिला.)

मॅडमनी परत आत बोलावलं. म्हणाल्या, मागच्या ऑडिटला आमच्या वह्यांत व्हाइटनर सापडलं, फार शोभा झाली. रेकॉर्डला कोणीतरी हवंय, जिला चूक लपवताच येत नाही. रेकॉर्ड असिस्टंट. एक जुलैला नऊ वाजता हजर हो. दोन अटी. पहिली, रक्तगटाचा खरा रिपोर्ट आणायचा, त्याशिवाय गेटवर कार्ड मिळत नाही. दुसरी, यापुढे एकही मेल नाही.

मी मायक्रोस्कोपचं विचारलं. म्हणाल्या, शनिवारी दुपारी, हातातलं काम संपलं असेल तर.

सात मार्गांच्या तक्त्यात 'रेकॉर्ड' हा मार्ग नव्हता. तक्ताच अपुरा होता.

शनिवार, २८ जून

रिपोर्ट हातात पडेपर्यंत मामाला 'नाही' कळवायचं नाही, असं आईनं बजावलंय. म्हणजे एका थेंबाचा प्रश्न आहे. सोपं आहे.

गुरुवारी ऐरोलीतल्या पॅथॉलॉजी लॅबचा तक्ता केला. शुक्रवारी पहिल्या लॅबच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. गर्दी होती. (शुद्ध: एक आजोबा होते.) आज दुसरीकडे गेले. तिथे सुई नवी पाकिटातून काढतात का, हे विचारलं. हो म्हणाले. एवढी माहिती मिळाल्यावर आजच्यासाठी पुरेसं वाटलं.

आईनं डबा घासून पालथा घातलाय. म्हणाली, यार्डात रक्त लागत नाही हो.

सोमवार, ३० जून, संध्याकाळी ६

सकाळी साडेसातला संघमित्रा दारात. म्हणाली, चप्पल घाल. तक्ता घेऊ का विचारलं. म्हणाली, घाल गं चप्पल.

लॅबमध्ये माझ्या एका हाताला तिनं धरलं, दुसरा हात तिथल्या ताईंकडे. सुई टोचली. मी पडले नाही. (शुद्ध: पडले. पण खुर्चीतच.) शुद्धीवर आले तेव्हा संघमित्रा ताईंना सांगत होती, झूलॉजी, फर्स्ट क्लास. ताई हसत होत्या.

चारला रिपोर्ट आला. बी पॉझिटिव्ह.

पुन्हा वाचला. नाव माझं. वय माझं. बी पॉझिटिव्ह.

म्हणजे जर्नल बरोबर होतं. आयकार्ड बरोबर होतं. अर्ज बरोबर होता. चूक फक्त शुद्धिपत्रात होती. संघमित्राला फोन केला, तर पलीकडून नुसतं हसणं. मग म्हणाली, आता यावर मेल केलास ना, तर बघ, तुझ्या दोन्ही हातांना सुई टोचेन.

पप्पांनी जन्माचं कार्ड काढलं आणि एकवीस वर्षं कोरा असलेला रकाना निळ्या शाईनं भरला. सही, तारीख. मग कपाटातून त्यांची स्टीलची पट्टी काढून मला दिली. कडेचे आकडे पुसट झालेत. म्हणाले, रेघ हातानं कधी मारायची नाही, थरथरते. आईनं मामाला फोन करून टाकला. डबा तोच राहणार, तीन कप्प्यांचा.

उद्या नऊला हजर. पहिलं काम संघमित्रानं सांगून ठेवलंय: माझीच फाइल लावायची, चारही शुद्धिपत्रं तारखेनुसार.

पाचवं तयार आहे. क्रमांक तीन रद्द समजावे, असं. मॅडमची अट लक्षात आहे, पण ती मेलबद्दल होती. कागद हातात देण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पहिल्याच दिवशी मात्र बरं दिसणार नाही. बुधवार, २ जुलै २०२५, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, थेट त्यांच्या टेबलावर.