पटावरची विसावी मुलगी

मी, मंजुषा देवराव रामटेके, वय एकोणसाठ, निवृत्त शिक्षिका, राहणार आरमोरी, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन मला सतराचा पाढा विचारावा. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. एक गोष्ट तोंडाने कबूल करायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते.

१. स्कूटर आणि पुस्तके पुतण्या आयुषला. घर त्याला नाही. "आत्या, सरकारी शाळेत तुम्ही शिकवता तरी काय?" असे त्याने चारचौघांत विचारले होते. ते मी विसरलेली नाही.

२. घर का नाही, ते सांगते. टोल्यावरच्या, म्हणजे जंगलाकडेच्या लहान वस्तीवरच्या, ज्या शाळेत मी एकवीस वर्षे होते, तिचा पट २०१९ साली बरोबर वीस होता. वीसच्या खाली गेला की शाळा बंद आणि मुले सात किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत, अशी बोलवा होती. मध्ये जंगल, जंगलात वाघ. त्याच पावसाळ्यात पहिलीतली डिंपल बाप डोमाच्या मासेमारीच्या डोंग्यातून तलावात पडून गेली. तलावाच्या पाळीवरच, बांधावर, पुरली. मी तिच्या आईला म्हटले, "ताराबाई, मृत्यूची नोंद सध्या नका करू. पटावर नाव राहू द्या, शाळा वाचेल." तिने मान डोलावली. माझ्या हातून याहून मोठे पाप झालेले नाही.

३. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही, हा नियम मला आवडायचा. पूर्वी भाताच्या रोवणीला गेलेली पोर नापास झाली की शाळेत परत दिसत नसे. या नियमाने खुशबू टिकली, आज नर्स आहे. त्याच नियमाने स्वतःचे नाव न वाचता येणारा पिंटू सातवीत पोचला. आणि पटावर डिंपलही वर चढत गेली. ताराबाई दर उन्हाळ्यात विचारायची, "बाई, माही डिंपल कितवीत गेली?" मी वर्ग सांगायचे.

मग केंद्रप्रमुख तपासणीला आले. एकेका डोक्यावर बोट रोखून मोजले आणि वीस लिहिले. मी सकाळी एकोणीस मोजली होती. खिचडी शिजवणाऱ्या मीराबाईला विचारले, तर म्हणते कशी, "बाई, तुमाले आता समजलं काय? मी तं दोन सालापासून वीस ताटं धुऊन राह्यली."

४. नियम पुन्हा बदलला, पाचवीत नापास करता येऊ लागले. चांगलेच झाले, पिंटूच्या वेळी हवे होते. वार्षिक परीक्षेला पाचवीची चार मुले बसली, गठ्ठ्यात उत्तरपत्रिका पाच निघाल्या. ती पाचवी पत्रिका ओली होती. गणिते सगळी बरोबर. शेवटच्या पानावर लिहिले होते, "बाई, आता तरी घरी जाऊ काय?"

पहिलीत नवी चारच येणार होती. डिंपलही पास होऊन गेली तर पट एकोणीस. मी लाल पेनाने शून्य दिले आणि महिन्याभरात निवृत्त झाले. ती अजून पाचवीतच आहे. माझ्या जागी आलेले अश्विन सर म्हणतात, कडक उन्हाळ्यातही एका कोपऱ्यातली फरशी सुकत नाही.

५. घर विकून त्या एकोणीस मुलांना मोठ्या शाळेत नेणारी गाडी घ्यावी. तिथे वर्गागणिक शिक्षक आहे, प्रयोगशाळा आहे. मी एका खोलीत पाच वर्ग हाकत होते. पण मुलांची गोंडी समजणारे तिथे कोणी नाही, आणि शाळा गेली की टोला मुका होईल. दोन्ही खरे आहे. तरी डिंपलचे नाव काढायचेच.

६. लोखंडी पेटीत ती उत्तरपत्रिका आहे. काल मी ती पुन्हा तपासली. पैकीच्या पैकी गुण. सोबत शाळा सोडल्याचा दाखला लिहून ठेवला आहे, शिक्का अश्विन सरांनी मारावा. सोडण्याचे कारण: मृत्यू. ताराबाईला वाचता येत नाही, म्हणून तिला वर्गात बोलवून, त्या कोपऱ्यासमोर, तो मोठ्याने वाचून दाखवावा.

ताराबाई, मले माफ नका करू. पोरगी पास झाली. तिले घेऊन जा.

सही: मंजुषा दे. रामटेके

आमच्यासमोर सही केली:
१. सुनिल मेश्राम
२. मीराबाई शेंडे (अंगठा)

आरमोरी, १४ नोव्हेंबर २०२५