जास्तीची मेमरी

३ मार्च
आज नोकरी लागली! सदुसष्टाव्या वर्षी! लेक म्हणाली, बरं झालं बाबा, आता भिंतींना तरी तुमच्या कवितांपासून सुट्टी. जावई ज्या विमा कंपनीत वरच्या मजल्यावर बसतात, तिथेच तळमजल्यावर मला सर्व्हर-रूममध्ये घेतलं आहे. उभा जन्म शाळेच्या कॉम्प्युटर-लॅबमध्ये गेला, तेव्हा हात बसलेला आहे. खोली गार, पांढरी, सतत घुमणारी. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणू लागला की व्हरांड्यातून असंच ऐकू यायचं. साहेबांनी मात्र माझा नमस्कार घेतला नाही. आजोबा, डुलकी घरी काढायची, एवढंच म्हणाले.

६ मार्च
सर्व्हर धापा टाकतो आहे, त्याची मेमरी वाढवायची. अख्खा दिवस निवडीत गेला. साहेबांना स्वस्तातल्या, मिळतील त्या हव्या होत्या. मी समजावलं, रॅमच्या पट्ट्या जोडीने बसतात, दोन्ही एकाच जातीच्या, एकाच वेगाच्या. एक मंद निघाली की बाकीच्या सगळ्या तिच्या चालीने चालतात. वृत्तासारखंच हे. एक मात्रा अडखळली की सबंध ओळ लंगडते. साहेब म्हणाले, कविता घरी, इथे फक्त स्क्रू. पण मागवल्या मी सांगितल्या त्याच.
ही असती तर हसली असती. चौथीतली नदीची कविता म्हणताना मी अडलो, की ही स्वयंपाकघरातून पुढचा शब्द ओरडायची, वर "मास्तर नापास!" हिला जाऊन चार वर्षं झाली. आवाज अजून कानात ताजा आहे. तेवढाच उरलाय माझ्याकडे.

१० मार्च
पहिली जोडी बसवली. आधी मनगटाला बँड बांधला, त्याच्या वायरचा चिमटा रॅकच्या लोखंडाला लावला. आपल्या अंगातली स्थिर वीज नाजूक पट्ट्यांना मारते, ती अशी निघून जाते. तरुण मंडळी कंटाळा करतात. मी कधीच नाही. दोन्ही खिट्ट्या कट्ट वाजल्या. मशीन चालू केलं, तर पडद्यावर बसवली त्याहून थोडी जास्त मेमरी दिसली. असं होत नसतं. कमी दिसेल एक वेळ, जास्त नाही. साहेबांना दाखवलं. ते पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

१२ मार्च
दुसरी जोडी. पुन्हा जास्त. घरी येताना नदीची कविता गुणगुणायला घेतली, तर दुसरं कडवं नाही. विसरलेलं जिभेवर घुटमळतं तरी. इथे जागाच सपाट.

१३ मार्च
रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, तब्येत बरी ना? मग दबक्या आवाजात सांगितलं, माझ्या आधीचे गृहस्थही असेच टापटीप, बँड बांधल्याशिवाय रॅकला हात न लावणारे. शेवटी मुलगा न्यायला आला, तर त्यालाच म्हणाले, आपली ओळख? साहेबांनी हसत दार उघडून दिलं होतं.

१७ मार्च
आज मुद्दाम बँड न बांधता तिसरी जोडी बसवली. पट्ट्यांवर लिहिली होती तेवढीच वाढली, तसूभरही जास्त नाही. म्हणजे आधीची ती जास्तीची, बँडमधून — माझ्यातून —
राजीनामा दिला. साहेबांनी फाडला. जावयांची बढती त्यांच्या सहीवाचून अडली आहे म्हणे. ती बापामुळे अडली असं लेकीला कळवू का, असं विचारलं. मग स्वतःच्या हाताने माझ्या मनगटावर बँड आवळला आणि तीच जोडी काढून पुन्हा बसवायला लावली.

१८ मार्च
स्वयंपाकघरातून कोणीतरी ओरडायचं. काय बरं? आवाज बाईचा होता — होता ना?

२० मार्च
भिंतीवरच्या फोटोतली बाई कोण, विचारलं. लेक रडायला लागली. साहेब म्हणाले, आजोबा, आता कसे छान काम करता. बँड बांधला. सवयच आहे. तो का बांधायचा नव्हता ते —

२४ मार्च
सर्व्हर-रूममध्येच स्टुलावर बसून लिहितो आहे. एक बाई आल्यात. मला घरी न्यायला. बाबा म्हणतात. साहेब त्यांच्याशी फार गोड बोलताहेत. आजोबांचे हात कापतात हो, शेवटची जोडी तेवढी तुम्ही दाबा, मग खुशाल न्या.
हो म्हणाली. बाही वर सारते आहे —
साहेबांनी बँड काढला. तिच्यासाठी. हिला काहीतरी सांगायचं होतं. फार मोठं. बँडचंच — तोंडात शब्द येत नाही. लिहून दाखवतो. पोरी, इकडे बघ, हे वाच. तुझ्या आईला मी असाच — तो बँड बांधू न