नोंदवही आता माझ्याकडे

बार्रा दे नाविदाद,
११ फेब्रुवारी

प्रिय हिल्डा,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू इथल्या बोटींच्या सकाळच्या रेडिओ हजेरीत सगळ्यांसमोर "माझी बहीण जिवंत आहे का?" असं विचारायला लावलंस, म्हणून लिहावं लागतंय. जिवंत आहे. तुझा मेहुणा वॉल्टरही ठणठणीत आहे.

झालं एवढंच, की सोमवारी आमचा नांगर साखळीसकट समुद्रात गेला. साखळीचं टोक बोटीला बांधलेलंच नव्हतं. चुई नावाच्या कोळ्याने बुडी मारून दोन्ही काढून दिली. वर म्हणाला, "कॅप्टन, आधी बांधायचं, मग टाकायचं. हे माझ्या सासूलाही कळतं." वॉल्टर त्याच्याबरोबर हसला.

ते टोक आदल्या दिवशी रंग द्यायला वॉल्टरनेच सोडलं होतं. मी तसं म्हटलं, तर त्याला आठवेना. त्याच्या नखांत अजून निळा रंग होता. मी विषय वाढवला नाही. तूही वाढवू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? बर्फात एकटी बाहेर पडत नाहीस ना?

आज न्याहारीनंतर वॉल्टरने बोटीची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "अकरा वर्षं माझं अक्षर वाचलंस. आता मी तुझं वाचतो, कॅप्टन." कॉफी गार होतेय म्हणून मी त्याला दटावलं.

उद्या शेजारच्या बोटीवरची ग्रेटा विमानाने घरी निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र पाठवते.

तुझी काळजी करणारी,
ऑड्री

ता. क. माझी पहिली नोंद अशी आहे: "नोंदवही, दुर्बीण आणि इंजिनाची किल्ली वॉल्टरकडून मिळाली. सगळं सुस्थितीत."